एक थर जास्तीचा

आमच्या घरात जेवायला बसलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणायचा अधिकार नव्हता. म्हणजे म्हणायला हरकत नव्हती, पण आई ते ऐकायची नाही. पुरे म्हटलं की ती पोळी मोडून ‘अर्धीच आहे’ म्हणत वाढायची, आणि उरलेली अर्धी एकटी कशाला ठेवायची म्हणून मागून तीही वाढायची. ताटावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्यांच्या बोटांच्या फटीतून तिने आमटी सोडलेली मी पाहिली आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर होते. पाळी संपवून आले की आंघोळ करून अंगावरची राख घालवायचे, पाटावर बसायचे आणि पहिल्या घासाच्या आधीच सांगून ठेवायचे की आज भूक बेताची आहे. त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. आईचा दुसरा नियम याहून कडक होता. पंगतीत एकाच्या पानात जे पडलं ते सगळ्यांच्या पानात पडलंच पाहिजे. मला तुपाची धार मिळाली की अण्णांनाही मिळायची, आणि त्या वेळी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस दारात उभा असला तर त्याच्याही हातात शिऱ्याची वाटी यायची. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द ती ‘चोरी’ म्हणावं त्या सुरात म्हणायची. हे सगळं मी आधी सांगून ठेवते आहे, कारण पुढे विमानाचं जे झालं त्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात आहे.

विमान आमच्या मामाच्या शेडमध्ये बनलं. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे आणि बहुतेकांनी ‘खेळण्यातलं का?’ असं विचारलं आहे. खेळण्यातलं नाही, खरं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असं, पुढे पंखा, दोन्ही बाजूंना लांब पंख पसरलेले आणि अंग सगळं फायबरचं. मधूमामा, आईचा धाकटा भाऊ, सिन्नर फाट्यापाशी फायबरचा कारखाना चालवायचा. कारखाना हा त्याचा शब्द. होती ती पत्र्याची शेड. तिथे पाण्याच्या टाक्या बनायच्या, बसच्या सीटा बनायच्या आणि गणपतीच्या आधी मंडळांसाठी हत्तींची आणि सिंहांची तोंडं बनायची. कामाला बहुतेक बायका होत्या, कारण मामाचं मत असं होतं की ज्या हाताला पापड लाटता येतो त्या हाताला फायबर शिकवावं लागत नाही. काम सांगायला सोपं आहे. साच्याला मेण लावायचं, त्यावर काचेच्या धाग्यांचं विणलेलं पांढरं कापड अंथरायचं, ब्रशने त्याला चिकट, पातळ रेझीन पाजायचं, छोट्या रोलरने आतली हवा काढून टाकायची आणि वर दुसरं कापड. असे थर चढून वाळले की साच्यातून जे निघतं ते टणक असतं आणि तरी एका हाताने उचलता येतं. आई या बायकांची मुख्य होती. उन्हाळ्यात तिच्याबरोबर पापड लाटणाऱ्याच बायका तिने इथे आणल्या होत्या. त्यांत घोटीची काशीबाई सगळ्यांत जुनी. भाताची लावणी आणि कापणी आली की ती गावाकडे जायची आणि येताना आमच्यासाठी नव्या तांदळाची पिशवी आणायची.

त्या शेडचे आवाज अजून माझ्या कानांत आहेत. रोलरची चर्र चर्र, पत्र्यावर चालणारे कावळे, रेडिओवर कामगारांसाठी लागणारी गाणी आणि त्यात बायकांच्या एकमेकींच्या सासवांवरच्या टीका. रेझीनचा आंबट वास केसांत राहायचा. काचेची कुसं अंगात रुतायची, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या जणी नळावर रांगेने गार पाण्यात हात धरून उभ्या असायच्या. गरम पाणी लावलं की कुसं आणखी आत जातात, हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि दुपारनंतर शेडमध्ये यायचे, कारण मामाला इंग्रजीतली पत्रं वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं.

एक दिवस साहेब आले. जुन्या स्कूटरवरून, पाठीवर नकाशांची लांब नळी बांधून. ते हवाई दलातून निवृत्त झाले होते आणि उभं आयुष्य त्यांनी नव्या पोरांना विमान चालवायला शिकवण्यात घालवलं होतं. आता त्यांच्या डोक्याने एकच घेतलं होतं, की फौजेत भरती झालेल्या पोराला अगदी पहिल्या दिवशी ज्यात बसवावं असं एक साधं, हलकं, त्याच्या चुका पोटात घालणारं विमान आपण बनवायचं. लोखंड नको, पत्रा नको, फायबर हवं. त्यासाठी ते गावभर फिरून शेडी बघत होते. आमच्याकडे त्यांनी काय केलं, तर एका पाण्याच्या टाकीत शिरले आणि डोळे मिटून आतून हात फिरवत राहिले. बाहेर आले तेव्हा डोक्याला फायबरचा भुसा लागला होता. मामाला म्हणाले, ‘टाक्या बंद करा, आपण विमान करू.’ मामाने टाक्या बंद केल्या नाहीत, पण शेडचा अर्धा भाग रिकामा करून दिला आणि त्या दिवसापासून तो स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर काय लिहावं या विचारात पडला.

साहेबांनी बायकांना नीट समजावून सांगितलं. कोणत्या भागाला किती थर, कापडाचा धागा कुठल्या दिशेला, रेझीन किती. नकाशात लिहिलंय तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही. इथवर सगळं ठीक होतं. मग चहा आला आणि चहाबरोबर साहेब मोकळे झाले. म्हणाले, ही पोरं अठरा-एकोणीस वर्षांची असतात, आणि पहिले काही महिने ती विमान उतरवत नाहीत, आपटतात. एकेकाने असं काही आपटलं आहे की माझ्या दाढा हलल्या. ते हसले. बायका हसल्या नाहीत.

‘कुनाची पोरं आसत्यात ती?’ काशीबाईने विचारलं.

‘कोणाचीही. उद्या तुमच्यातल्या कोणाचा नातू असेल.’

हे साहेबांनी बोलायला नको होतं. पण ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि माझं तर चित्तच ठिकाणावर नव्हतं, कारण त्याच चहाच्या वेळी माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट घडली. साहेब सांगत होते की शिकवायचं विमान म्हणजे त्यात दोघांनी बसून उडालंच पाहिजे, शिकवणारा आणि शिकणारा. एकट्याने उडवून दाखवलं तर फौजेचे अधिकारी बघायलासुद्धा येणार नाहीत. तेव्हा आधी ते एकटे उडवतील आणि मग दुसऱ्या सीटवर कोणाला तरी घेऊन, जो शेजारी बसून काट्यांवरचे आकडे टिपून घेईल. त्यांचे सगळे मित्र पोट सुटलेले होते. मामा तर बसच्या सीटेतही आखडून बसायचा. साहेबांची नजर शेडभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. इंग्रजी येतं का, येतं. आकडे वाचता येतात का, येतात. घाबरतेस का, नाही. वजन किती, यावर मी उत्तर द्यायच्या आत मामा म्हणाला की तिचं कसलं वजन, ती पंख्याखाली बसली तरी दोरी बांधावी लागते. साहेबांनी पेन्सिल काढली आणि नकाशातल्या उजव्या सीटवर माझं नाव लिहिलं: मनीषा.

मला आनंदाने वेड लागलं असं म्हटलं तर ते कमीच होईल. मी शहर बसमध्ये वळण आलं की विमानासारखी कलायला लागले. रात्री पलंगावर पडून पायाने पेडलं दाबायची. अर्धवट झालेल्या सांगाड्यात स्टूल ठेवून तासन्‌तास बसायची, समोर काटे नव्हते तरी ते वाचायची आणि वहीत लिहायची. एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत ही बातमी वाऱ्यासारखी पसरली, म्हणजे मी पसरवली. शेजारच्या काकूंनी मला पाहून मुलीला सांगितलं की बघ, ही विमानात बसणार आहे. मुलगी म्हणाली, तिकीट काढून का? मी म्हटलं, तिकीट काढून सगळेच बसतात. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे वर्षभर मी ते जमेल तिथे वापरलं.

आणि ज्याचं कौतुक करायचं त्याला खाऊ घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी ज्या दारावरून जाई त्या दारातून बशी बाहेर यायची. बुंदीचा लाडू, शेवेची पुडी, गुळपापडी, ‘विमानात बसणारीला’ म्हणून वेगळी काढून ठेवलेली करंजी. दिवाळी आली तेव्हा विमानही जवळजवळ पुरं झालं होतं आणि मीही बऱ्यापैकी भरले होते. आईने त्या वर्षी माझ्यासाठी चकलीचं पीठ वेगळं भाजलं. मला सगळं छान वाटत होतं.

दिवाळी झाली आणि विमानाचं वजन करायचं ठरलं. त्याची रीत अशी की तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवायचा आणि तिन्हींची बेरीज करायची. एवढे मोठे काटे आणायचे कुठून? माझी आत्या चांदवडला दिलेली, तिच्या घरचा कांद्याचा व्यापार. आतोबा स्वतः टेम्पोत बसून तीन काटे घेऊन आले. काट्यांच्या फटींतून कांद्याच्या साली उडत होत्या आणि शेडभर असा वास सुटला की बायकांना भाजीची आठवण झाली. विमान ढकलून काट्यांवर चढवलं. साहेबांनी आकडे घेतले, बेरीज केली, चष्मा पुसला, पुन्हा बेरीज केली. मग मला करायला सांगितली. माझीही तेवढीच आली.

विमान जड झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

मामाने लगेच काट्यांवर ढकललं. म्हणाला, कांद्याचे काटे आहेत हे, विमानाचं त्यांना काय कळणार, जास्त दाखवत असतील. आतोबांना ते फार लागलं. ते म्हणाले, ‘जास्त? अहो, घेणाऱ्याचा काटा आहे हा. जास्त दाखवून मी माझंच नुकसान करीन का?’ याचा अर्थ शेडमध्ये सगळ्यांना एकदमच कळला. काटा चुकत असेलच तर विमान याहूनही जड होतं. सगळ्यांत आधी काशीबाई हसली, आणि मग आतोबांना आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि तेही पाठ वळवून हसायला लागले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी जास्तीचा आकडा कागदावर लिहिला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तो आकडा एका किरकोळ माणसाच्या वजनाएवढा होता.

‘मनीषा,’ ते म्हणाले, ‘तुझ्या सीटवर आधीच कोणीतरी बसलंय.’

म्हणजे साहेब एकटे उडवू शकत होते, दोघं नाही. दोघं नाही म्हणजे मी नाही, आणि मी नाही म्हणजे अधिकारीही येणार नाहीत. पण खरं सांगते, अधिकाऱ्यांचं मला काही पडलेलं नव्हतं. मला वर जायचं होतं. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला आईच्या चेहऱ्यावरून कळलं. ती पुढे आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली की साहेब, माझ्यामुळे झालं असेल. मी एकेक थर जास्तीचा टाकलाय. कुठे, असं साहेबांनी विचारलं. आई म्हणाली, सगळीकडे.

साहेबांनी तोंड उघडायच्या आत काशीबाईचा आवाज आला. ‘ताई, तू टाकला? आगं, मी बी टाकला ना. मला वाटलं आपली पोरं हायेत, आपटनार हायेत, एकानं काय व्हतंय.’ मग दुसरी बोलली, मग तिसरी. प्रत्येकीने आपापल्या पाळीत, कोणाला न सांगता, एक तुकडा जास्त घातला होता आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या शहाण्या. मामाने सांगितलं की दारांना त्याने स्वतः दोन थर वाढवले होते, कारण पोरं दारं आपटतात हे त्याला टेम्पोवाल्यांवरून माहीत होतं. रंगारी कोपऱ्यात उभा होता, त्याने कबूल केलं की रंगाखाली खाचा बुजवायची लांबी भरताना त्याचा हात जरा सैल सुटला, म्हटलं विमान आहे, गुळगुळीत दिसावं. मला वाटलं आता संपलं, तर मागून अण्णांनी खाकरल्यासारखं केलं. अण्णा सुटीच्या दिवशी मदतीला यायचे. ते म्हणाले की सीटांच्या खाली त्यांनी एक लोखंडी पट्टी मारून ठेवली आहे. वीज केंद्रात त्यांना कुठेही काही हललेलं चालत नसे.

‘लोखंडी,’ साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला आणि एका उलट्या बादलीवर बसले. सगळे त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते बराच वेळ चपलेकडे बघत राहिले, मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं आणि माझ्या लक्षात आलं की ते हसताहेत. हसता हसता त्यांनी सांगितलं की नकाशा काढताना त्यांनी स्वतः प्रत्येक ठिकाणी हिशेबाहून एक थर जास्त धरला होता. त्यांनीही पोरांचाच विचार केला होता. एवढं झाल्यावर शेडमध्ये कोणाला कोणाकडे बघायची सोय राहिली नाही. आमच्या हातून एक विमान आग्रह करकरून जेवू घातलं गेलं होतं, आणि आता त्याला जागेवरून उठवत नव्हतं.

आजही मला याची गंमत वाटते. आता लेकीकडे जायला मी विमानाने जाते. विमानात वाढणारी मुलगी खाऊचं पाकीट हातावर ठेवते आणि पुढे निघून जाते. एकदाही म्हणत नाही की अजून एक घ्या. मला दर वेळी वाटतं, ही माणसं विमान अगदी बरोबर वजनाचं बनवत असणार.

साहेबांनी त्या रात्री घरी बसून नवा हिशेब मांडला. पंखांना हात लावायचा नाही, तिथले जास्तीचे थर पोरांच्या नावाने राहू द्यायचे. पण इंजिनावरचं झाकण, दारं, सीटा, तळ, चाकांवरच्या टोप्या हे सगळं काढून नकाशाप्रमाणे पुन्हा करायचं, रंग खरवडून लांबी काढायची आणि अण्णांची पट्टी सर्वांत आधी. हे सगळं झालं तर मी बसू शकेन, मात्र मी आहे त्याहून थोडी कमी व्हायला हवी. ते थोडी म्हणाले, पण मला कागद दिसला होता. पुन्हा लबाडी नको म्हणून त्यांनी सगळ्यांना शपथ घालायचं ठरवलं. बायकांनी सांगितलं की नकाशावर हात ठेवून आम्हाला काही वाटणार नाही, शपथ घ्यायची तर अन्नाची. मग सगळ्यांचे जेवणाचे डबे एका फळीवर मांडले आणि त्यांवर हात ठेवून एकेकाने म्हटलं की एक धागासुद्धा जास्त घालणार नाही. मामाने घेतली, रंगाऱ्याने घेतली, काशीबाईने डोळे मिटून घेतली. आई स्टोव्हपाशी सगळ्यांसाठी चहा करत होती.

पुढचे दोन महिने शेडमध्ये घासकागदाचा आवाज आणि आमच्या घरात माझ्या पोटाचा. मी भाकरीचा चतकोर आणि पातळ वरण यावर आले. कॉलनीतल्या बश्या परत पाठवताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आईची अवस्था माझ्याहून वाईट होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका ताटाकडे बघून गप्प बसायचं होतं. ती ताट वाढून तोंड फिरवायची, पण हात तिचं ऐकायचे नाहीत, हळूच एक पापड ठेवून जायची आणि मी बघितलं की म्हणायची, पापडाला काय वजन असतं. मग तो पापड मी अण्णांच्या ताटात सरकवायची. माझ्या वाटचं सगळं अण्णांनी निमूटपणे खाल्लं आणि त्या हिवाळ्यात त्यांना पट्ट्याला शेवटच्या भोकाच्याही पुढे नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. शेडमध्ये आईने एकच मागणी केली, की सीटांचं काम तिचं ती एकटी करेल. साहेब म्हणाले, जरूर.

पतंगांचे दिवस सुरू झाले तेव्हा आतोबा पुन्हा काटे घेऊन आले. या वेळी त्यांनी ते धुऊन आणले होते. विमान चढवलं, बेरीज झाली, आणि मी कधी नाही इतकी देवाची नावं घेतली. उतरलं होतं, जवळजवळ सगळंच उतरलं होतं. साहेबांच्या हिशेबापेक्षा आकडा जरासा वर होता, भरलेल्या दोन डब्यांएवढा. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, तिन्ही काट्यांखाली कांद्याची साल अडकली आहे का ते वाकून पाहिलं आणि शेवटी रंगावर ढकललं. मग मला काट्यावर उभं केलं. आतोबांनी काटा बघितला आणि चांदवडच्या बाजारात ओरडतात तसा माझा आकडा ओरडून सांगितला. मी बसत होते. साहेबांचा थर्मास आणि अवजारांची पिशवी खाली राहिली तर अगदी आरामात बसत होते.

ओझरकडच्या धावपट्टीवर साहेबांच्या जुन्या ओळखीने आम्हाला सकाळची परवानगी मिळाली होती. बायका टेम्पोतून आल्या, ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून. अण्णांची पहिली पाळी होती, त्यांना येता आलं नाही. साहेबांनी आधी एकट्याने एक फेरी मारली आणि उतरून आले तेव्हा मामा रडत होता आणि डोळ्यांत धूळ गेली असं सांगत होता. मग मला बोलावलं. मी आईच्या पाया पडले. तिने सवयीने पिशवीत हात घातला, लाडू बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत आत ठेवला. एवढा मोठा त्याग मी तिच्या हातून दुसऱ्यांदा पाहिला नाही.

वरचं काय सांगू. पळता पळता चाकांचा खडखडाट एकदम बंद झाला आणि मला वाटलं काहीतरी मोडलं, पण ते आम्ही जमीन सोडली होती. मी मोठ्याने हसायला लागले आणि मला थांबता येईना. साहेब आकडे विचारत होते आणि मी हसत हसत आकडे सांगत होते. खाली द्राक्षांचे मळे वहीच्या ओळींसारखे आखलेले, मधून गोदावरी, पलीकडे धरणाचं पाणी चमकत होतं, आणि चांदवडच्या बाजूचे डोंगर मी पहिल्यांदाच वरून पाहिले. साहेबांनी विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, एकलहरे. धुराडी लांबूनच दिसली. रोज मान वर करून बघितलेली ती धुराडी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि खाली कोळशाच्या ढिगापाशी माणसं ठिपक्यांएवढी उभी होती. अण्णा शेवटपर्यंत सांगायचे की त्यांनी टोपी हलवली होती आणि मी हात केला होता. मी एवढ्या उंचीवरून कोणालाच पाहिलं नव्हतं, पण हात केला होता हे खरं. मग साहेब म्हणाले, दांडा धर. मी धरला. ते विमान थोडा वेळ मी उडवलं, सरळ, दोन्ही हातांनी. तेवढं सुख मला नंतर फार थोड्या वेळा झालं.

उतरताना साहेबांनी मुद्दाम आपटलं, पोरं आपटतात तसं. माझ्या दाढा हलल्या, विमानाचं काही हललं नाही. पंखा थांबला, बायका धावत आल्या, काशीबाईने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि मामाने सगळ्यांना सांगितलं की आता अधिकाऱ्यांना बोलवायचं. आई मात्र माझ्याकडे आली नाही. ती दाराशी वाकून आत माझी सीट चाचपत होती.

‘कडक नाही ना लागली?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, का गं?

‘एक थर जास्तीचा आहे तिथे,’ आई म्हणाली. ‘तू बसणार होतीस ना.’

साहेब पायरीवर एक पाय ठेवून थांबले. भरलेल्या दोन डब्यांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू लागताना मी पाहिला. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि म्हणाले की ताई, सगळ्यांनी अन्नाची शपथ घेतली होती. आई म्हणाली, मी चहा करत होते. त्यांनी स्वतःच्या सीटकडे बघितलं, मग आईकडे.

‘आणि माझ्या सीटखाली?’

आईने पदर सारखा केला. लाडू पुन्हा पिशवीतून बाहेर काढला, त्याचे दोन भाग केले, एक माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा त्यांच्या.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘मी जन्मात कधी पंक्तिप्रपंच केला नाही.’